निघताना म्हणायचा शब्द

२ सप्टेंबर
आजपासून मी पुन्हा इंग्रजीची मिस! शेजारच्या मंगलाच्या तृप्तीचं नर्सिंग पूर्ण झालं. आता इंदूरच्या दवाखान्यात मुलाखत — तीही इंग्रजीत. "काकू, बोलायला गेलं की तोंडाला कुलूपच!"
संध्याकाळी पुण्याहून अनिकेतचा फोन. "आई, एकटी किती दिवस राहणार? घराला गिऱ्हाईक आहे. महिनाअखेर सांग." पोटचा मुलगा, काळजीनेच म्हणतो. मी हवापाण्याचं बोलत राहिले.

५ सप्टेंबर
आजचा शब्द 'लीव्ह'. रजा. निघणं. मागे ठेवणं — किल्ली शेजारी ठेवतो तसं. नाद सोडणं. कुणाचा निरोप घेणं, तेही लीव्ह!
तृप्ती वैतागली. "एकाच शब्दाला इतकी कामं? इंग्रजांना शब्द कम पडले का, काकू?" मग हळूच, "आणि केळीची पानं?" ती 'लीव्हज' वेगळी गं बाई! दोघी खूप हसलो.

९ सप्टेंबर
आज मुलाखतीचा सराव. मी पेशंट. दिवाणावर पडून कण्हतेय. तिने ताप पाहिला, उशी सारखी केली आणि दाराशी जाऊन म्हणाली, "आय ॲम कमिंग."
"अगं, निघालीस ना? मग लीव्हिंग!"
पुन्हा कमिंगच!
मंगला ओट्यावरून ओरडली, "ताई, आजारी माणसासमोर 'जाते' कशी म्हणेल ती? जीभ नाही रेटत पोरीची!"

१० सप्टेंबर
शाळेतल्या सिस्टर फिलोमिना आठवत राहिल्या. बदली होऊन केरळला निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "आय ॲम लीव्हिंग, चिल्ड्रन." आम्ही मुलींनी गिल्ला केला — "सिस्टर, येते म्हणा!" लाजल्या. म्हणाल्या, "येते."
पुढे कितीतरी दिवस फाटक वाजलं की आम्ही खिडकीशी!

१७ सप्टेंबर
निवड झाली!! मंगलाने मावा जिलेबी वाटली, अख्ख्या गल्लीत.
"निघताना साहेबांना काय म्हणालीस?"
"लीव्हिंगच, काकू, तुमची शपथ! पण मनात येते म्हणून घेतलं."

१८ सप्टेंबर
ताटलीत दोन जिलेब्या तशाच. तृप्ती गेल्यावर इथे कोण आहे माझं? अनिकेतला म्हटलं, बहुतेक विकूच. फार खूश झाला.

२८ सप्टेंबर
तृप्ती गेली. मंगलाने हातावर दही ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. पोरगी माझ्या पाया पडली. "येते हं काकू. दिवाळीला लीव्ह मागते, बघाच तुम्ही! जिलेबी तुमच्याकडेच खाणार."
मी म्हटलं, "ये."

२९ सप्टेंबर
सकाळीच अनिकेतला फोन केला. घर विकायचं नाही.
"अगं, पण का?"
"काल एका मुलीला 'ये' म्हणून बसलेय, बाबा. दार कोण उघडणार?"