मुंग्यांचे फिके पोहे

इंदूर,
सोमवार

प्रिय अमिता,

वसुंधराचा तुला प्रेमाचा नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा, कारण हल्ली तुझ्याआधी त्यांचीच खबर येते. भाऊजींचा खोकला गेला का? अकोल्याच्या उन्हात अजून बिनछत्रीची भाजीला जातेस का? आम्ही ठीक. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तूच बोलतेस आणि मी नुसती 'हो ना गं' म्हणते. (इथे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, याचा मला फार आनंद आहे.)

तर आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला संशोधनाचा प्रकल्प करावा लागतो. केमिस्ट्रीची मुलं नळाचं पाणी तपासतायत, बॉटनीवाल्यांनी कॉलेजच्या गच्चीवर मेथी पेरलीय (निम्मी स्टाफरूमच्या भाजीत गेली, हे त्यांना अजून कळलेलं नाही). आणि झूलॉजीत माझ्याकडे आली तुझी भाची, जयेशची क्षितिजा. विषय काय, तर जुन्या इंदुरातल्या तुमच्या अंगणातल्या मुंग्यांना खायला काय आवडतं! मी सुचवला नव्हता गं, शपथ.

आपल्या शेवटच्या वर्षाच्या प्रयोगाच्या बश्या आठवतात? एकीत साखर, एकीत कणीक, एकीत फिके पोहे. मुंग्या पोह्यांकडे फिरकत नव्हत्या आणि आपण हवेपासून नक्षत्रांपर्यंत सगळ्यांना दोष दिला. शेवटी तुझे नाना बशीवर पोह्यांचा मसाला, आपलं इंदुरी जीरावन, भुरभुरताना सापडले. "बेटा, इतके फिके पोहे तर दुश्मनाला पण देत नाही. ह्या तर आपल्या घरच्या!" असं वर आपल्यालाच ऐकवलं. तू रडलीस, मी हसले, आणि दुसऱ्या दिवशी नाना भरपाई म्हणून मुंग्यांसाठी गरम जलेबी घेऊन आले. असा माणूस पुन्हा होणे नाही. मला त्यांची फार आठवण येते.

आणि मग आपल्या सादरीकरणाचा तो दिवस. तू घरी अकोल्याच्या पाहुण्यांपुढे पोहे घेऊन बसलेली, मी कॉलेजात मुंग्यांचे पोहे घेऊन एकटी. परीक्षकांनी विचारलं, मसाल्याला घाबरून पळालेल्या मुंग्या दोन-तीन दिवसांनी परत का आल्या? मी म्हटलं, "सर, ते अमिताला माहीत आहे." वर्ग हसला. मला मात्र रडू आलं होतं. भाऊजी लाखात एक निघाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण सगळ्या मुंग्या तुझ्या होत्या, मी नुसत्या बश्या धुवायची.

आता पंधरा दिवसांपूर्वीची गंमत. सकाळी लॅबमध्ये गेले तर टेबलावर पोह्यांची बशी. मला वाटलं, पोरांनी मॅडमसाठी नाश्ता ठेवला. पण इतके फिके? पर्समधली जीरावनची पुडी काढली, छान भुरभुरली, लिंबू शोधायला वळले, तर दारात क्षितिजा. तिचा चेहरा हुबेहूब तुझा तेव्हाचा. ती बशी तिच्या अंगणात जायची होती! पोरीने पुन्हा पोहे भिजवले, आठवडाभर पहाटे उठून मुंग्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके दिले. इतकी जीव लावून काम करणारी मुलगी मी पुष्कळ वर्षांत पाहिली नाही.

शनिवारी तिचं सादरीकरण आहे. आणि जयेशने त्याच शनिवारी बेटम्याहून पाहुणे बोलावलेत. मी जाऊन सांगितलं तर म्हणतो, "वसूताई, प्रेझेंटेशन तो होते रहते, असा रिश्ता परत येत नाही." चहा घेतला आणि निघाले.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
वसू

ता. क. जयेश साऱ्या जगात फक्त तुला घाबरतो. पत्र मिळताच त्याला फोन कर. मी सांगितलं असं म्हणू नकोस. (म्हटलंस तरी चालेल.)

ता. क. दुसरा. मुंग्या परत का आल्या, याचं उत्तर क्षितिजाला सापडलंय. मला सांगत नाही. म्हणते, आत्याला पहिल्या रांगेत बसवीन तेव्हाच सांगेन. गुडघ्यांना घेऊन ये.

ता. क. तिसरा. आणि जयेश बधलाच नाही, तर शनिवारी ती पाहुण्यांपुढे पोहे घेऊन जाणारच आहे. फिके. ठिपकेवाल्या मुंग्यांसकट.