हात वर

बुधवार, ४ मार्च
सामान गाडीत. उद्यापासून रेवाच्या कॉन्फरन्सची, म्हणजे त्यांच्या गटातल्या कॉलेजांची, टूर्नामेंट. हरला की घरी. तिचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष, म्हणजे आता एक मॅच हरली की तिचं बास्केटबॉल कायमचं संपलं. पुढे नोकरी आणि आमच्यासारखी पाठदुखी.

निघण्याआधी तिचा फोन. "आई, प्लीज. नो शाउटिंग." कबूल केलं. चूक माझी होतीच. रेवा दमली की हात खाली सोडते, दहा वर्षांची असताना इथे मॉरिसव्हिलमध्ये घरापुढच्या ड्राइव्हवेवर खेळायची तेव्हापासून. मला या खेळातलं तेवढं एकच कळतं. म्हणून मागच्या महिन्यात समोरची पोरगी बॉल टाकायला लागली की मी ओरडत होते, "हात! हात!" शेजारी रेवाच्या टीममधल्या केलाची आई डेबी. ती थंडपणे म्हणाली, "यू नो शी इज ऑन द अदर टीम, राइट?" सगळ्यांना वाटलं मी समोरच्या टीमला 'हॉट, हॉट' म्हणून चढवतेय! रेवा दोन दिवस बोलली नाही.

गुरुवार
जिंकलो. मी एक शब्द नाही. आवळासुपारी चघळत बसले, अख्खी डबी संपली. रेवा थोडाच वेळ खेळली, बाकी बेंचवर. मिलिंद म्हणाला, "तू आजारी आहेस का?" नवऱ्याला शांतता सोसत नाही.

शुक्रवार
आज मॅच नाही. हॉटेलात ब्रेकफास्टला रेवा आमच्या टेबलावर आली. केलाचा घोटा मुरगळलाय, उद्या सेमीफायनलला तिच्या जागी रेवा सुरुवातीपासून! समोरच्या टीमच्या अकरा नंबरला तिने अडवायचं. ती मुलगी लांबून टाकते आणि चुकत नाही म्हणे.
रेवाने वॉफल नुसतं चिवडलं. "आय डोन्ट वॉन्ट धिस टु बी माय लास्ट गेम, आई."
नाही होणार, म्हटलं. 'हात' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. मिलिंदने टेबलाखालून पाय दाबला. गिळला.

शनिवार
बूटही न काढता लिहायला बसलेय.
सुरुवातीला रेवा छान. मग पळून पळून दमली आणि हात खाली. अकरा नंबरने तिच्या डोक्यावरून एक टाकला. मग आणखी एक. पुढे होतो ते मागे पडलो. मी ओढणीचा बोळा तोंडात धरलेला, खरंच. दिलेला शब्द, दिलेला शब्द, मनात एवढंच. शेवटी शेवटी कसेबसे एका गुणाने पुढे आलो. आता फक्त त्यांना थोपवायचं होतं. बॉल अकरा नंबरकडे, समोर रेवा, आणि हात? मांडीशी!

गेला शब्द खड्ड्यात. उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "रेवाऽऽ, हात वर!"

ती दचकली. आणि दोन्ही हात वर. बॉल बोटांना चाटून गेला, रिंगवर आपटून बाहेर. मॅच संपल्याचा भोंगा. जिंकलो! मिलिंद रडत होता, मी नाही. (थोडी.)

डेबीने विचारलं, "व्हॉट इज हॉट-अ-वर?" सांगितलं. ती हसत सुटली, मला मिठीच मारली. "ऑल सीझन! यू वेअर राइट ऑल सीझन!"

रेवा मात्र लांबूनच माझ्याकडे बघून टीमबरोबर बसमध्ये चढली. हात हलवला नाही. रागावली असेल. असू दे. उद्या फायनल तर आहे.

रविवार
सकाळी दारावर टकटक. रेवा. मी माफी मागायला तोंड उघडलं, आवाजच नाही. घसा पार बसलाय. नुसती हवा.
ती म्हणाली, "कोचने विचारलं, व्हॉट डिड युअर मॉम से? मी शिकवलं सगळ्यांना. आज डिफेन्सला पूर्ण बेंच 'हात वर' म्हणणार. दुसऱ्या टीमला काही कळणार नाही!" आणि मग, "पण आई, तू स्टार्ट करायचं. मला तुझाच आवाज ऐकू येतो."
चार वर्षं गप्प बस म्हणणारी ही मुलगी!
मी घशाकडे बोट दाखवलं. तिचा चेहराच उतरला. "नोऽऽ, आई. टुडे?"

ती गेली. तेव्हापासून मिठाच्या गुळण्या. मिलिंद हळद शोधत गावभर फिरून आला, डब्यात घेऊन आली नाहीस म्हणून मलाच बोलला. आता गरम पाणी. आवाज थोडा फुटतोय, कोंबडीच्या पिल्लासारखा. मॅच दोनला.

डेबीने बेंचच्या अगदी मागे माझ्यासाठी खुर्ची धरलीय, मेसेज आला. आवाज आला तर उत्तम. नाहीच आला तर रेवाला दिसेल अशी उभी राहीन, दोन्ही हात वर करून, भोंगा वाजेपर्यंत.