खेडलीच्या खिंडीतली रास

रविवार, २ नोव्हेंबर १९९७. गुडगाव.

घर लागलं. तिसरा मजला, दोन खोल्या, आणि गच्चीवरून हवा स्वच्छ असली तर अरवलीची करडी रेघ दिसते. कॉलनीत रस्ते झालेत, पण त्यांना अजून नावं नाहीत. रिक्षावाल्याला "अधुऱ्या मॉलच्या मागे" असं सांगावं लागतं. मानेसरच्या नव्या कारखान्यात मी गाड्यांचे सुटे भाग मोजते, पास किंवा नापास करते. कंपनीची बस दाराशी येते. तक्रारीला जागा नाही.

पुण्याहून सायकल आणली त्यावर दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला राहणारे माझे चुलतभाऊ उल्हासदादा खूप हसले. तीस वर्षं केंद्र सरकारात काढलेला माणूस. म्हणाले, वैजू, दिल्लीत घाट म्हणजे यमुनेचे, आणि तिथे लोक सायकलवरून नाही, चौघांच्या खांद्यावरून जातात. मी म्हटलं, ताम्हिणी, वरंध, कुंभार्ली सगळे चढलेय, तुमच्या दिल्लीतही एखादा शोधीन.

आज शोधला. सोहना रस्त्यावरून बंद पडलेल्या दगडखाणीपाशी उजवीकडे वळलं की खेडली गावाची घाटी. चढ जेमतेम तीन किलोमीटर, पण दोन वळणं अशी की मांड्या पेटतात. माथ्यावर वारा, मोर, आणि एका बाजूला मोहरीची शेतं, दुसऱ्या बाजूला गुडगावच्या क्रेन. खिंडीच्या तोंडाशी एकावर एक ठेवलेले तीन दगड. मी आपल्या घाटांच्या रीतीने चौथा ठेवला, नारळ फोडला, अर्धा तिथे, अर्धा घरी. नव्या मुलखात पहिल्या घाटाला नमस्कार झाला. उतरताना वाटलं, आता इथे करमेल.

रविवार, ९ नोव्हेंबर

मयुराला घेऊन गेले. डोंबिवलीची, तेवीस वर्षांची, माझ्या हाताखाली शिकायला आलीय. इतकी ठेंगणी की भाड्याच्या सायकलची सीट तळाशी नेली तरी पाय टेकेनात. म्हणाली, वैजूताई, मला तुमच्या मशीनवर धरलंत तर नापासच करणार. एकशे एकोणपन्नास सेंटिमीटर, तिनेच सांगितलं. मी एकशे अठ्ठावन्न, म्हणजे फार तोरा मिरवावा असं नाही.

माथ्यावर तिला दगड ठेवायला सांगितलं. ती म्हणाली, कशाला यार ताई. मी म्हटलं, घाटाची रीत असते, ठेव. तिने ठेवला. मग नारळ फोडला, दोघींनी खोबरं खाल्लं.

पायथ्याशी दीनानाथचं चहाचं दुकान आहे. यंदा पलीकडून नवा चौपदरी रस्ता झाल्यापासून घाटीने कोणी येत नाही, धंदा बसलाय. त्याला उरलेलं खोबरं दिलं तर त्याने हात मागे घेतले आणि विचारलं, दगड कोणी ठेवले. मी सांगितलं, आम्ही दोघींनी. त्याने गॅसची ज्योत बारीक केली.

"हमारे यहाँ चढ़ाते नहीं, मॅडमजी. उतारते हैं."

मग जे सांगितलं ते असं. खिंडीतून जाणारा प्रत्येकजण राशीवरचा एक दगड उचलून दरीत टाकतो. रास आपोआप वाढते, आणि येणारे-जाणारे तिला ठेंगणी राखतात. पण कोणी दगड चढवला, तर ती रास त्याची होते. त्याच्या उंचीला पोचली की त्याला घेते, आणि मागे तीन दगड उरतात. मयुरा हसली. मीही.

रविवार, १६ नोव्हेंबर

रास गुडघ्याच्या वर. खिशात टेप होतीच. बावन्न सेंटिमीटर. खाणीवरच्या रिकामटेकड्यांचा उद्योग असणार. दीनानाथला तसं सुनावलं. तो म्हणाला, खाण चार वर्षं बंद आहे.

आज मयुरा आली नाही. पाय जड झालेत म्हणाली. पहिल्यांदाच चढ चढली, होणारच.

रविवार, २३ नोव्हेंबर

अठ्ठ्याऐंशी. भर दुपारी, लख्ख उन्हात, तीस दगड उतरवून दरीत टाकले. पुन्हा मोजलं. अठ्ठ्याऐंशी. टेप बदलून मोजलं. अठ्ठ्याऐंशी. माझा धंदाच मोजण्याचा आहे, त्यामुळे चूक झाली असं स्वतःला सांगता येईना.

दगड उन्हात होते तरी गार. आतल्या बाजूने मात्र कोमट.

बुधवार, २६ नोव्हेंबर

मयुराला कंपनीच्या बसची पायरी चढता आली नाही. दोघांनी उचलून घेतलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मी तिचे मोजे काढले, तर बोटांच्या बेचक्यांत लाल माती. गेले दहा दिवस ती घर आणि कारखाना सोडून कुठे गेलेली नाही.

माझेही पाय जड झालेत. कोणाला सांगितलं नाही. रजा टाकली. रोज जाणार.

रविवार, ७ डिसेंबर

एकशे दहा. रोज उतरवते. रोज वाढते. हात सोलून निघालेत. मयुराला आता छातीपर्यंत जड वाटतं, मला छातीच्या खाली. नऊ सेंटिमीटरचा फरक. ती आधी जाणार.

उल्हासदादांचा फोन. पुण्याला परत ये म्हणाले, हवा मानवत नसेल. मी म्हटलं, हवा चांगली आहे. मीच मानवत नाहीये कोणालातरी. पण हलणार नाही.

रविवार, १४ डिसेंबर

मयुराला तिच्या आईकडे पाठवलं. स्टेशनवर हमालाच्या ढकलगाडीवर बसवून डब्यापर्यंत नेलं. तिने माझ्यावर एकदाही राग काढला नाही. उलट म्हणाली, तुम्ही एकट्या चढू नका. दीड हजार किलोमीटर लांब गेली की सुटेल, असं मला वाटलं.

बुधवार, १७ डिसेंबर

डोंबिवलीहून फोन. आवाज ओळखू येईना.

"ताई, गळ्याशी आलंय. दात करकरतात, तोंडात सगळी वाळू."

तिच्या आईने फोन घेतला. गुडगावात तिने काय खाल्लं होतं, एवढंच विचारत राहिली. मी खोबरं म्हणाले. रीत म्हणाले नाही. जीभ वळली नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर

दीनानाथला धरून बसवलं. सगळं सांग म्हटलं. तो म्हणाला, माझ्या आजोबांच्या वेळी दोन भावांनी मिळून रास चढवली होती. तिने थोरल्याला घेतलं, धाकटा सुटला, म्हातारा होऊन मेला. रास एकदाच माप घेते. कोणाचं आधी जुळतं, तेवढाच प्रश्न.

मी विचारलं, थोरला उंच होता की ठेंगणा. त्याला माहीत नव्हतं. मग कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, थोरला वाकून चालायचा, असं आजोबा सांगत.

वाकून.

शनिवार, २० डिसेंबर

एकशे छत्तीस. रात्रभर विचार केला, म्हणजे असं नाही, विचार लगेच झाला होता. दगड तिने ठेवला, पण माझ्या सांगण्यावरून. नापास मालावर मी दुसऱ्याची सही कधी घेतलेली नाही.

भीती वाटते. वाटू दे. ती काही हुकूम नाही.

रविवार, २१ डिसेंबर. खिंड.

सकाळी अकरा. धुकं. क्रेन दिसत नाहीत, शेतं दिसत नाहीत. दीनानाथ अर्ध्या चढापर्यंत आला. पुढे ये म्हटलं नाही.

एकशे सेहेचाळीस.

वही राशीवर टेकवून लिहितेय. दगड हलके वर-खाली होतात — श्वासासारखे.

सळई आणलीय, हातमोजे घातलेत. जाण्यासाठी आलेले नाही. उतरवायला आलेय. बाहेरून जमलं नाही, तर —

पावणेबारा

एकशे सत्तेचाळीस. मयुराच्या मापाला दोन कमी. गुडघे वाकवले. डोकं वरच्या दगडाच्या बरोबरीला आणलं. टेप उभी धरली. जुळतं. आता बघते कोणाला आधी —

पायावर दगड. मी ठेवलेला नाही —

दुसरा —

मांड्या थरथरतात. सरळ होणार नाही. ताम्हिणीत याहून वाईट —

कंबर. गार नाहीत आता —

माझं माप घे. नीट घे. पोरीचं सोड — तो दगडही माझाच — आणि एकदा आत घेतलंस की एकेक करून मी आतून तुला —