अंबूवहिनी जाळीच्या आत आहेत

॥ श्री ॥

टेकडीवरच्या देवीचा सभामंडप,
दुपार

उंद्रीचे मोतीरामभाऊ यांस चिखलीच्या भालचंद्राचा आदराचा नमस्कार पोहोचावा. तुमच्या डोळ्याची पट्टी निघाली असेल, पाणी येणे थांबले असेल, आणि डॉक्टरांनी वाकू नका म्हटले असतानाही तुम्ही मिरचीच्या वाफ्यात वाकून चुरडामुरडा रोगाची पाने पाहत असाल, असे धरून चालतो. डोळा पुरता सुधारेपर्यंत तुम्ही वाचू नये, म्हणून हे पत्र प्रतीक्षाने मोठ्याने वाचून दाखवावे. (प्रतीक्षा, कंसातला मजकूरही वाचायचा. कंस हा गाळण्यासाठी नसतो.) इकडील सर्व क्षेम आहे. फक्त अंबूवहिनी देवीच्या गाभाऱ्यात लोखंडी जाळीच्या आत अडकल्या आहेत आणि जाळी वर जात नाही. (आजोबा उठले असतील तर त्यांना खाली बसव. पुढचे वाक्य त्यांच्यासाठीच आहे.) त्या सुखरूप आहेत, बोलत आहेत, आणि माझ्या मते प्रसंगाला शोभेल त्यापेक्षा अधिक शांत आहेत.

फोन न करता पत्र का, असा आक्षेप तुम्ही घ्याल, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. तुमच्या घरचा फोन वहिनींच्या पिशवीत आहे आणि पिशवी जाळीच्या आत आहे. प्रतीक्षाचा फोन तुम्ही रागाने कपाटात घालून कुलूप लावले आहे. तुम्ही स्वतः फोन बाळगत नाही. म्हणजे तुमच्यापर्यंत पोहोचण्याचे तिन्ही मार्ग तुमच्याच कुटुंबाने बंद केलेले आहेत. निरोप तोंडी पाठवला असता, पण तोंडी निरोप टेकडी उतरेपर्यंत ‘बाई अडकली’ असा असतो आणि उंद्रीच्या वेशीत ‘बाई गेली’ असा होतो.

वहिनी आज देवळात का आल्या, हे तुम्ही जाणताच. प्रतीक्षाला तालुक्याच्या आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गात जागा मिळाली आहे, प्रवेशाची मुदत उद्या संपते, आणि पोरीने शिडीवर चढायचे नाही, असा निर्णय तुम्ही दिला आहे. माणसापुढे बोलून उपयोग नाही असे पाहून वहिनी देवीपुढे बोलायला आल्या. त्या वादात मी पडत नाही. नुसती एक गोष्ट नोंदवतो. तुमच्या निर्णयाला तुम्ही कारण दिलेले नाही. आमचे वडील आम्हांला ओसरीवर बसवून तर्कशास्त्र शिकवत, तेव्हा कारण न देता केलेल्या विधानाला ते ‘खोकला’ म्हणत. (प्रतीक्षा, हा शब्द आहे तसाच वाच.)

आता यंत्राविषयी. देवीचा चांदीचा मुकुट एकदा चोरीला जाता जाता राहिला, तेव्हा मी तरुण होतो आणि या भागात धोक्याची घंटा बसवून देणारा दुसरा कोणी नव्हता. मुकुटाच्या आत मी पाऱ्याची एक लहान काचनळी बसवली. मुकुट हलला की पारा सरकतो, दोन तारा जोडल्या जातात, वरचा खटका सुटतो, गाभाऱ्याच्या दारातली जाळी खोबणीतून खाली येऊन बसते आणि बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातून आणलेला भोंगा वाजू लागतो. पुजाऱ्याने मुकुटाला हात लावण्यापूर्वी समईमागची गुंडी दाबायची, म्हणजे काही होत नाही. हे काम करताना मला अडचण विजेची आली नाही, सोवळ्याची आली. गाभाऱ्यात ओलेत्यानेच यायचे, असा त्या वेळच्या पुजारीबुवांचा दंडक होता. ओले शरीर वीज वाहून नेते, मी ओला आहे, तस्मात् मी वीज वाहून नेईन, हे मी त्यांना क्रमाने सांगितले. ते म्हणाले, देवीसमोर वाद नको. मग ओल्या पंच्यात, ओल्या दगडावर, अनवाणी उभा राहून मी वायरी जोडल्या आणि माझे अनुमान माझ्याच हातून सिद्ध झाले. मी थरथरत बाहेर फेकला गेलो तेव्हा ओटी भरायला आलेल्या बायकांनी माझ्या अंगात आले असे समजून माझ्या कपाळाला कुंकू लावले आणि एकीने मुलीच्या लग्नाचे विचारले. मी तिला ‘आधी मेन स्विच’ एवढेच सांगू शकलो. (त्या मुलीचे लग्न त्याच वर्षी झाले. याचा माझ्या उत्तराशी कार्यकारणसंबंध नाही, हे मी तिच्या आईला पटवू शकलो नाही.)

माझ्या धंद्याचे दुर्दैव असे की लोकांना घंटा हवी असते एका कामासाठी आणि वाजते ती दुसऱ्याच. दुसरबीडच्या एका किराणा व्यापाऱ्याने गुळाच्या ढेपेखाली दाबपट्टी बसवून घेतली, कारण गिऱ्हाईक येता-जाता चव पाहत असे. पहिल्या आठवड्यात घंटा वाजली ती प्रत्येक वेळी मुंग्या झटकायला ढेप उचलणाऱ्या त्यांच्याच हातामुळे. बीबी गावच्या एका बाईंनी, नवरा चोरून खातो म्हणून, लोणच्याच्या बरणीवर घंटा मागितली, आणि सासूबाई पकडल्या गेल्या. तुमच्या शेतात मी रानडुकरांसाठी ट्रकचा हॉर्न लावला होता, त्याची आठवण तुम्ही चारचौघांत ज्या शब्दांत काढता ते येथे लिहीत नाही. डुकरे हॉर्नपाशी येऊन शांतपणे भुईमूग खात राहिली आणि तुमचा बैल मात्र दावे तोडून उंद्री सोडून गेला. ‘शास्त्रीबुवा, तुमचा भोंगा डुकराचा सोयरा हाय,’ असे तुम्ही तेव्हा म्हणाला होतात. ‘जिथे जिथे भोंगा, तिथे तिथे चोर’ हा नियम माझ्या सगळ्या आयुष्यात एकदाही सिद्ध झाला नाही, हे मी मान्य करतो. परंतु भोंगा चोर आहे असे कधी म्हणतच नाही. कोणीतरी हात लावला, इतकेच तो म्हणतो. चोर हा शब्द ऐकणाऱ्याच्या डोक्यातला.

तर आज. देवस्थानाने जुने यंत्र काढून कॅमेरे लावायचे ठरवले होते, आणि त्यावर शेवटची बैठक आज दुपारी होती. अध्यक्ष चंद्रशेखर यांना माझे यंत्र मेले आहे असे वाटत होते. ते जिवंत आहे हे दाखवण्यासाठी मी सर्वांच्या देखत सकाळी त्याला नवी बॅटरी जोडली. तरुण पुजारी अविनाश याला गुंडीविषयी बजावले. त्याने मान हलवली. (मान हलवणे म्हणजे ऐकणे नव्हे.) मग वहिनी आल्या. अविनाशने त्यांना ओटी भरायला आत सोडले आणि स्वतः बाहेर नारळ फोडत बसला. देवीचा मुकुट डावीकडे कलला होता. वहिनींनी ओटी भरली, हळदीकुंकू वाहिले, आणि कोणतीही बाई दुसऱ्या बाईचे वाकडे कुंकू पाहून जे करील तेच केले. ‘माय, असं वाकडंतिकडं घालून कोन्ही उभं राह्यते का?’ असे म्हणून त्यांनी मुकुट सरळ केला. पारा सरकला. यंत्र जिवंत असल्याचे सिद्ध झाले. भोंगा बॅटरी संपेपर्यंत वाजला, आणि बॅटरी संपल्यामुळे, व तिचा कप्पाही जाळीच्या आतच असल्यामुळे, जाळी विजेने वर जाण्याचा मार्गही संपला.

येथून पुढचे मी हसण्यासाठी लिहीत नाही. चंद्रशेखर यांनी ताबडतोब गॅस कटरवाल्या संघपाल यांना बोलावले. सायंआरतीला गर्दी होते, त्याआधी जाळी कापून बाई बाहेर काढायची, असा त्यांचा आग्रह. गाभारा तुम्ही पाहिलेला नाही, कारण तुम्ही देवळात येत नाही. तो दोन माणसे उभी राहतील एवढाच आहे. भिंतींवर पिढ्यानपिढ्यांचे तेल चढले आहे, समई पेटलेली आहे, वहिनींचे पातळ नायलॉनचे आहे आणि मागे सरकायला जागा नाही. जाळीवर ज्वाला धरली तर ठिणग्या बाहेर कमी आणि आत जास्त पडतील. मी हे चंद्रशेखर यांना सांगितले. ते म्हणाले, ‘काका, तुमाले तुमची जाळी वाचवायची हाय, असं म्हना ना सरळ.’ मी म्हणालो, समजा तसे आहे, तरी त्याने ठिणगी थंड होत नाही. मी समई विझवण्याची सूचना केली. अविनाश म्हणाला, ती अखंड आहे. मी ओली गोणपाटे आत द्यायला सांगितली. जाळीची भोके मनगटाएवढी आहेत, त्यांतून पदर जातो, गोणपाट जात नाही. संघपाल समजूतदार माणूस आहे. त्यांनी नळी जोडली, जाळी पाहिली, आत वहिनींकडे पाहिले आणि नळी खाली ठेवली. ‘बाई एवढ्या जवळ हाय तं मले हात नाई चालत,’ म्हणाले. चंद्रशेखर म्हणाले, ‘बे संघपाल, तू हात चालव, जबाबदारी माही.’ जबाबदारी भाजत नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले, पण बाहेर लोक जमू लागले आहेत, आणि लोक जमले की अध्यक्षांचा धीर कमी होतो. शेवटी त्यांनी मला एवढीच सवलत दिली, की मी तुम्हांला चिठ्ठी लिहावी आणि तिचे उत्तर येईपर्यंत ते थांबतील. उत्तर येताच निकाल लावायचा, जाळी राहो वा न राहो.

हे पत्र मी सभामंडपात बसून लिहीत आहे आणि प्रत्येक परिच्छेद वहिनींना जाळीतून वाचून दाखवत आहे, कारण ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना अंधारात ठेवणे न्याय्य नाही. त्यांनी मागच्या परिच्छेदावर ‘भाऊजी, नायलॉनचं नाई, पॉलिस्टरचं हाय’ अशी दुरुस्ती सुचवली आहे. धोका तोच राहतो. चंद्रशेखर दोनदा येऊन म्हणाले, ‘काका, चार शब्द लिहा ना, बाई आत हाय आन् तुम्ही पोथी लिहून राह्यले.’ चार शब्दांत भीती मावते, पण कारण मावत नाही. तरीही त्यांचा चेहरा पाहून येथे थांबतो. तुमच्या प्रकृतीस जपावे, डोळ्यांत औषध वेळेवर घालावे, आणि थोरल्या माणसाने रागात घेतलेला निर्णय निवल्यावर एकदा उलटून पाहावा, ही विनंती. कळावे.

तुमचा,
भालचंद्र

ता. क. खरे काम राहिलेच. जाळी कापण्याची गरजच नाही. दोन किल्ल्या एकाच वेळी फिरवल्या की ती हाताने वर सरकवता येते. पहिली पुजाऱ्याकडे असते. दुसरी गावाबाहेर, देवळात ज्याचे कधीच काम पडणार नाही अशा माणसाकडे असावी, असा नियम मी तेव्हा घातला, आणि देवाचे नाव न घेणारा भरवशाचा माणूस म्हणून ती तुमच्याकडे दिली. लांब, पितळी, कड्याची. ती चिठ्ठी आणणाऱ्याकडे द्यावी. चिठ्ठी आणणारे संघपालच आहेत, त्यांच्या स्वतःच्या रिक्षातून. कटरचे नोजल त्यांच्या खिशात आहे. ते तुमच्याकडे असेपर्यंत येथे काही कापले जाऊ शकत नाही, ही गोष्ट अध्यक्षांच्या ध्यानात आलेली नाही.

ता. क. २. वरचा मजकूर वाचून दाखवताच वहिनी हसल्या. ती किल्ली तुम्ही त्याच दिवशी ‘हे ठेव, माह्याकडून हरपन’ म्हणून त्यांना दिली होती म्हणे. तेव्हापासून ती त्यांच्या कमरेच्या छल्ल्यात आहे. म्हणजे सध्या ती जाळीच्या आत आहे. इतका वेळ का सांगितले नाही, असे विचारले, तर म्हणाल्या, ‘कोन्ही इचारलंच नाई. सगळे जाळीशीच बोलून राह्यले.’

ता. क. ३. मी जाळीतून हात पुढे केला. त्यांनी किल्ली दिली नाही. त्यांचे म्हणणे शब्दशः लिहितो: ‘त्याईले म्हना, देवीले मी सांगून झालं. आता तुमी पायरीपाशी येऊन पोट्टीले हो म्हना, मंग माही किल्ली फिरते.’ त्या वादात मी अजूनही पडलेलो नाही. फक्त अविनाशकडची पहिली किल्ली मी मागून घेतली आणि ती माझ्या खिशात आहे.

ता. क. ४. उत्तर ‘हो’ असेल तर संघपालांच्या रिक्षातच यावे, प्रतीक्षाने आपली कागदपत्रे घ्यावीत, आणि गाभाऱ्यात येण्याची सक्ती तुमच्यावर नाही, पायरी पुरेल. ‘नाही’ असेल तर संघपालांना जेवायला थांबवून घ्यावे, आणि वहिनींचा पानाचा डबा व एक उशी प्रतीक्षाकडून पाठवून द्यावी.