टेकाडावरचा ठराव

कोथरूड, पुणे
२३ नोव्हेंबर २०१४

चेतन,

पत्राच्या वर नमस्कार आणि विनंती लिहायची हाताला सवय आहे. पण तुला नमस्कार करावासा वाटत नाही आणि तुझ्याकडे माझी काही विनंतीही नाही, म्हणून थेट सुरुवात करते. तुझी कादंबरी आणि तिच्यावरच्या कार्यक्रमाची पत्रिका दोन्ही कुरियरने पोचली. सोबतच्या चिठ्ठीत तू मला 'आपण' म्हटलं आहेस. एका सोसायटीत वाढलो, माझ्या सायकलची हवा सोडून पळायचास, त्या मानाने प्रगती आहे.

इकडे सगळं ठीक. आई बरी आहे, गुडघे सोडून. सोसायटी पाडून नवी बांधायचं तीन वर्षं चाललंय; मीटिंग होते, चहा होतो, इमारत जागच्या जागी. माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक चालतं. दिवसभर तुमच्या कंपन्यांतल्या लोकांच्या माना सरळ करते. त्यांच्यातल्याच एका बाईच्या हातात तुझं पुस्तक पहिल्यांदा पाहिलं. "वाचलंत का? खरं घडलंय हे," असं तिने मला सांगितलं. मी तिला मान हलवू नका म्हणाले.

तुझी धाकटी बहीण, निकिता, कशी आहे? हे उपचार म्हणून विचारत नाही.

पुस्तकाची भाषा चांगली आहे. अमेरिकेत तीन वर्षं राहून मराठी टिकवलीस, हे परीक्षणवाल्यांनी लिहिलंय, तेव्हा मी वेगळं सांगायला नको. मला बोलायचंय ते 'सत्यघटनेवर आधारित' या दोन शब्दांबद्दल.

तुझ्या कादंबरीत धरणाच्या पाण्याने वेढलेल्या टेकाडावर नऊ मुलगे अडकतात. त्यांतला शहाणा, चष्मेवाला मुलगा नियम करतो, वही ठेवतो, सगळ्यांना माणसात ठेवतो. आणि धायरीहून आलेला एक मुलगा, ज्याला सगळे लांडगा म्हणतात, तो हळूहळू जनावर होतो. आजारी लहान मुलाच्या तोंडचा घास चोरतो. शेवटी पळून जाताना बुडतो आणि शहाणा मुलगा काठावर उभा राहून रडतो. ते पान वाचून त्या बाईलाही रडू आलं होतं.

तू त्याला बुडवलंस, चेतन. तो जिवंत आहे. त्याचं नाव साईनाथ आहे आणि तो हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवतो. रविवारच्या पुरवणीत तुझी मुलाखत आली, तिच्याबरोबर तू आपल्या सुटकेच्या दिवशीचा फोटो छापायला दिलास. तू पुढे, खांद्यावर निकिता. मागे साईनाथ, अंगावर घोंगडी, ओल्या चड्डीत. खाली ओळ: 'कादंबरीतल्या लांडग्याची प्रेरणा, मागे उभा.' सोमवारी सकाळी त्याच्या बसमधल्या एका पोराने मोबाइलवर तो फोटो त्याच्या चेहऱ्याशेजारी धरून पाहिला. आता बस सुटताना मागून कोणीतरी लांडग्यासारखं ओरडतं. त्याची मुलगी तिसरीत आहे. तिला शाळेत काय म्हणतात ते तूच ओळख, तुझी कल्पनाशक्ती चांगली आहे.

आता जे झालं ते लिहिते. तुला ते माहीत आहे. तरी लिहिते, कारण लोक आता तुझंच खरं धरतात, आणि एका कागदावर तरी दुसरं असलं पाहिजे.

१९९७ची दिवाळीची सुट्टी. नागोराव सरांचं निसर्ग शिबिर, धरणातल्या त्या टेकाडावर, पाच दिवसांचं. आपण नऊ जण होतो, सहा मुलगे आणि तीन मुली. तुझ्या बेटावर एकही मुलगी नाही. निकितालाही तू मुलगा केलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी सर रॉकेल आणि भाजी आणायला होडी घेऊन एकटे गेले. "दुपारच्या जेवणाला येतो," म्हणाले. पलीकडच्या काठावर होडी बांधून मोटारसायकलवर निघाले आणि घाटात ट्रकने त्यांना उडवलं. तीन दिवस ते बेशुद्ध होते. आपण एकटे आहोत हे जगात कोणाला ठाऊक नव्हतं. घरच्यांच्या हिशेबी आपण मजेत होतो.

सर गेले त्या दिवशी तू खरंच चांगला वागलास, हे मी नाकारत नाही. चौदा वर्षांचा होतास. रडणाऱ्यांना गप्प केलंस, वही काढलीस, पाण्याच्या कडेला एकट्याने जायचं नाही असा ठराव लिहिलास. ठराव क्रमांक एक. बिस्किटांचे पुडे, बटाटे, तांदूळ तुझ्या तंबूत ठेवलेस. आम्हाला ते बरं वाटलं. कोणीतरी मोठं असल्यासारखं वाटलं.

पण स्टोव्हमध्ये रॉकेल नव्हतं आणि तुला चूल पेटवता येत नव्हती. साईनाथला येत होती. त्याने तीन दगड मांडले, सुकी शेणकुटं शोधून आणली, भात शिजवला. दगडाखालचे खेकडे पकडून भाजले. तू म्हणालास, "हे असलं आम्ही खात नाही." तिसऱ्या दिवशी दुपारी तुझ्याखेरीज सगळे खात होते. पोरं तुझ्या तंबूकडून उठून त्याच्या चुलीभोवती जाऊन बसली. तो त्यांना नांग्या कशा मोडायच्या ते दाखवत होता आणि पोरं हसत होती. तू वही मांडीवर घेऊन लांब बसला होतास. त्याला लांडगा हे नाव तू त्या वेळी दिलंस. "लांडगा खातोय बघा," म्हणालास. कोणी हसलं नाही. माझ्याशिवाय.

त्याच संध्याकाळी निकिताला ताप भरला. सात वर्षांची होती. भात तिच्या पोटात ठरेना, म्हणून ग्लुकोजची उरलेली बिस्किटं फक्त तिला, असा ठराव झाला. योग्यच होता. आणि चौथ्या दिवशी सकाळी पुडा नव्हता.

सभा घेतलीस. साईनाथला मध्ये उभं केलंस. तो म्हणाला, "म्या न्हाई घेतला. मला कशाला लागतोय पुडा?" आणि ते खरं होतं, त्याला लागतच नव्हता. तू म्हणालास, "मग कोणी घेतला? आपल्यातलं कोणी आजारी मुलीचं खाईल का?" आपल्यातलं. त्या शब्दाने काम केलं. ज्यांनी दोन दिवस त्याच्या हातचं खाल्लं होतं ती पोरं त्याच्यापासून दूर सरकली. तू ठराव वाचलास: साईनाथने टेकाडाच्या पलीकडच्या बाजूला राहावं, चुलीपाशी येऊ नये, आला तर दगड मारावेत. हात वर करा.

निकिता तंबूत होती. उरलेल्या सात जणांचे हात वर गेले. मग वही फिरली आणि सगळ्यांनी सह्या केल्या. अक्षर सुवाच्य काढायला सांगितलंस तू.

कादंबरीत या जागी तुझा शहाणा मुलगा मतदानाच्या विरोधात बोलतो. दोन पानं बोलतो.

त्या दिवशी सूर्य कलल्यावर गार वारा सुटला आणि साईनाथ चुलीच्या दिशेने आला. हातात फडक्यात बांधलेले खेकडे होते. "ते निकितासाठी कढण," असं काहीतरी म्हणत होता. पहिला दगड तू मारलास. मग सगळ्यांनी. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. फडकं खाली ठेवलं आणि गेला. मीही मारला. माझा लागला नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो पाण्यात उतरला. पलीकडचा काठ किती लांब होता ते तुला आठवत असेल. बुडालेल्या शेतांच्या काटेरी तारा होत्या पाण्याखाली, त्यांत त्याची पोटरी फाटली. तसाच पोहत गेला, वस्तीवर जाऊन गेनबा कोळ्याला उठवलं आणि त्याच्याच होडीत बसून परत आला, कारण गेनबाला टेकाडाची उथळ बाजू सापडली नसती. निकिताला उचलून होडीत त्याने घातलं. गेनबाने विचारलं, "डोक्याला काय लागलं रं?" तो म्हणाला, "पडलो." काठावर माणसं जमली, वार्ताहर आला, तेव्हा निकिता तुझ्या खांद्यावर होती.

इथपर्यंत मी सहज लिहिलं. कारण इथपर्यंत बहुतेक सगळं तुझं आहे.

तो पुडा मी खाल्ला, चेतन.

चौथ्या दिवशी सकाळी, सगळे झोपलेले असताना. भूक एवढी नव्हती. खेकड्यांनी पोट भरलं होतं. मला बिस्किट हवं होतं, घरच्यासारखं काहीतरी. एक खाणार होते. तंबूच्या मागे बसून सगळा पुडा संपवला आणि तोंड पुसून उठले, तर समोर तू. तू माझ्याकडे पाहिलंस, माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलंस. मग दोन तासांनी सभा घेतलीस आणि 'आपल्यातलं' म्हणताना माझ्याकडे बघत होतास.

निकिता तुझी सख्खी बहीण. तिच्या तोंडचं कोणी घेतलं हे तुला ठाऊक होतं, आणि तरी तुला चोर नको होता. तुला साईनाथ चुलीपासून उठवायचा होता. मी तुझ्या उपयोगी पडले. त्यानंतर सतरा वर्षं आपण जिन्यात भेटलो, लग्नांत भेटलो, तू कधी त्या विषयाचं अक्षर काढलं नाहीस, आणि मी त्याला तुझा चांगुलपणा समजत आले. कादंबरीतून मला वगळलंस तेही उपकार म्हणूनच केलं असणार. आता व्यासपीठावर बसून 'त्या दिवसांच्या साक्षीदार' म्हणून चार शब्द बोलायला बोलावतोस. तुझी खात्री आहे की मी तुझेच चार शब्द बोलेन.

अजून एक गोष्ट आहे. ती तुलाही माहीत नाही.

आम्ही तुमच्या सोसायटीत आलो ते त्याच्या आदल्या वर्षी. त्याआधी आम्ही धायरीत राहत होतो, शेतातल्या घरात. माझे वडील मच्छिंद्र, आणि त्यांची विधवा बहीण सरुबाई, एकाच चुलीवर जेवणारे. साईनाथ सरुआत्याचा मुलगा. मी चालायला शिकले ते त्याचं बोट धरून, तो माझ्याहून वर्षभराने मोठा. कोथरूडच्या शाळेत माझ्या बोलण्याला मुली हसायच्या. वर्षभर खपून मी ते बोलणं घालवलं होतं. शिबिराला एकटी पोरगी कशी पाठवायची म्हणून वडिलांनी त्याचंही नाव घातलं. "ह्याला पवता येतं, हा बघंल तुझ्याकडं," म्हणाले. ते स्कूटरवरून परत फिरले तसं मी साईनाथला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "तिथे मला तनू म्हणायचं नाही. तू मला ओळखत नाहीस."

तो म्हणाला, "बरं."

पाच दिवस त्याने ते पाळलं. हात वर करताना मी त्याच्यासमोर उभी होते, तेव्हाही.

शिबिरानंतर तो शाळेत गेला नाही. पोटरी चिघळली, दोन महिने अंथरुणात होता. मग म्हणाला, आता नको. क्लच दाबताना त्याचा पाय अजून दुखतो. माझा धंदाच हा, मला लांबूनही दिसतं. दर दिवाळीला भेटतो आम्ही, आणि सतरा वर्षांत मी त्याला एकदाही म्हटलं नाही की ये, पाय दाखव.

गेल्या रविवारी धायरीला गेले. तो गाडी धूत होता. मी उभ्या उभ्या सांगितलं, पुड्याचं. त्याने नळ बंद केला.

"ठाव हाय मला," म्हणाला. "तुझ्या फ्रॉकच्या खिशात कागद व्हता. अर्धा भाईर आलेला."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"मग तुलाबी हाकलली असती त्यांनी. तुला कुठं पवता येत व्हतं?"

मला रडू आलं. मी त्याच्या हाताला धरायला गेले, तर त्याने हात काढून घेतला.

"हे बघ तनू, रडून तुला बरं वाटंल. मला काय व्हणार त्यानं? माझी पोरगी शाळेतून तोंड पाडून येती. तिला मी काय सांगू, मी लांडगा न्हाई म्हनून? कोण ऐकतंय ड्रायव्हरचं. तू डॉक्टरीन हायस. तुझं ऐकत्याल. तिथं जाऊन सांग."

"तू येशील?"

"माझी ड्युटी हाय. आन मला नंतर येऊन सांगू बी नको काय झालं त्ये." मग त्याने नळ सोडला. आत्याने आतून चहाला हाक मारली. त्याने मला थांब म्हटलं नाही, मी थांबले नाही.

तेव्हा तुझं निमंत्रण मला मान्य आहे. सात डिसेंबरला येईन, तू सांगितलेल्या खुर्चीवर बसेन आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून वाचेन, पुड्यासकट. माझ्या क्लिनिकचं काय व्हायचं ते होईल. निकितालाही आधी कळव. तिला सभागृहात बसून ऐकावं लागू नये. कार्यक्रम रद्द केलास किंवा मला वगळलंस, तर याची प्रत त्याच पुरवणीकडे जाईल. त्यांना छापावंसं वाटलं नाही, तर साईनाथच्या बसमध्ये सकाळी सव्वासातला मी उभी राहून वाचेन. तिथे श्रोते कमी असतील, पण त्याला हाक मारणारे तेच आहेत.

माझ्याबद्दल तुला जे सांगायचं असेल ते त्या दिवशी खुशाल सांग. लपवण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलेलं नाही. तुझ्याकडे काय उरलंय ते तू बघ.

साईनाथची मामेबहीण,
तनुजा