शेजारच्या कागदावरचे दहा

सोलापूर, रविवार

तीर्थरूप कोंडीबामामांना भाचा अमृत याचा वाकून नमस्कार. (वाकताना कमरेतली उसण दुखली. ती कशामुळे, ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? करकंबला ऊस तुटला का? मामींना म्हणावं, थंडीत पहाटे अंगण झाडायचं नाही. आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोनच केला असता, पण तुम्ही सुभेदार म्हणून रिटायर झालात तरी फोनवर नुसते हुकूम सोडता, ऐकून घेत नाही. पत्राला मधेच "बास" म्हणता येत नाही.

तर मामा, आमच्या लेकीने, ऋतुजाने, लग्नासाठी प्रदीपला पसंत केलं हे तुम्हाला माहीत आहे. प्रदीपचे वडील भीमराव, माढ्याचे, शाळेतून निवृत्त झालेले, फार शांत माणूस. एवढा शांत की पहिल्या भेटीत मला त्यांच्यासमोर खुर्चीत बसवेना. (तुम्ही लहानपणी मला भिंगरी म्हणायचात. आता केस पांढरे झाले, पण एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात टॉवेलचे माग बंद पडले तरी मी चालूच असतो, असं तुमची सून रेश्मा म्हणते.) बोलायला काही सुचेना, तेव्हा ते म्हणाले, मी सुट्टीच्या दिवशी सोलापूरच्या रायफल क्लबात नेमबाजीला येतो. मी पटकन म्हणालो, "अरे वा, मलाही पहिल्यापासून नाद आहे!" रेश्माने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणापर्यंत मी जत्रेतला फुगासुद्धा फोडला नव्हता.

बोलून गेलो, मग निभावणं आलं. क्लबात शिकलो, परवान्यासाठी फेऱ्या मारल्या, चौकशीला पोलीस घरी आले तेव्हा शेजारच्यांनी आमच्याकडे आठवडाभर साखर मागितली नाही. शेवटी पुण्याच्या दुकानात गेलो. पॉइंट टू टूची, बोल्ट असलेली रायफल हवी होती, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट मागे ओढायचा, पुढे सारायचा, आणि मधल्या वेळात माणसाने श्वास सांभाळायचा. दुकानदार चांगला होता. तो म्हणत होता, आधी खांद्याला लावून बघा, गाल कुठे टेकतो बघा, नळी थोडी जड असू द्या. मी अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बघितला आणि तीच घेतली. तुम्ही फोनवर विचारलंत, मापाची आहे का? मी म्हणालो, देखणी आहे.

मापाची नव्हती. डोळा नेम धरायच्या साइटपाशी आणला की गाल अधांतरी. म्हणून दस्त्यावर वरखाली होणारी गालपट्टी बसवून घेतली. मग ट्रिगर जड वाटला, तो क्लबच्या कारागिराकडून हलका करून घेतला, तर एवढा हलका झाला की मी नेम धरायचा विचार करतोय तोवर गोळी समोरच्या मातीच्या बांधात. तो पुन्हा थोडा जड केला. मग बारीक भोकाची नवी साइट. मग काडतुसं! प्रत्येक रायफलीला वेगळं काडतूस मानवतं, आणि आमच्या बाईंना काय मानवतं ते शोधण्यात उन्हाळा गेला. (रेश्मा म्हणाली, जावयालासुद्धा एवढं विचारणार नाही.) शेवटी नळी दस्त्यात नीट बसावी म्हणून खालचे स्क्रू. ते मी रोज संध्याकाळी आवळायचो आणि सकाळी मला वाटायचं, जास्त झाले.

गुण मात्र होते तेवढेच राहिले. आणि शेजारच्या लेनमध्ये भीमराव क्लबची जुनी रायफल घेऊन नेमासाठी पोटावर झोपायचे, तिच्या दस्त्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आणि सावकाश माझ्यापेक्षा बरे मारायचे. एकदा म्हणाले, "अमृतराव, रायफल ग्वाड हाय की तुमची. जरा ऱ्हाऊ द्या तिला." चांगल्या मनाने म्हणाले असतील. मी म्हणालो, "तुमच्यासारखा फावड्याचा दांडा घेऊन मला नाही जमत." सगळ्यांसमोर. त्यांनी ट्यूब नीट केली आणि ते घरी गेले. त्यानंतर माढ्याहून सुपारीचा विषयच बंद झाला. ऋतुजा माझं ताट वाढून ठेवायची आणि निघून जायची. मामा, त्या दिवसांत मी स्क्रूला हात लावायचो ते रायफलीसाठी नव्हतं, दुसरं काय करावं हे कळत नव्हतं.

मग काल क्लबची स्पर्धा झाली. माझ्या शेजारी नेमके भीमराव. पहिला डाव बरा गेला. दुसऱ्याच्या आधी मला वाटलं, मागचा स्क्रू ढिला आहे. परवानगी घेऊन उठलो, आवळला, पुन्हा येऊन झोपलो. आणि मग काय झालं सांगू! गाल बरोबर टेकला, श्वास आपोआप थांबला, ट्रिगर कधी सुटला कळलं नाही. तुम्ही बजावलं होतंत, गोळी गेल्यावर तिच्यामागे बघत धावू नको, म्हणून एकदाही कागद बघायच्या दुर्बिणीत डोकावलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एका जागी होतो.

कागद आले. माझा कोरा! उठून परत झोपताना मी थोडा तिरका झालो होतो, सगळ्या गोळ्या भीमरावांच्या कागदावर. मधोमध, दहाच्या वर्तुळात, एकावर एक, बोटभर जागेत. नियम असा की कुठलं भोक कुणाचं ते ठरवता येत नसेल तर ज्याचा कागद त्याला त्यातले सगळ्यात वरचे गुण. भीमराव पहिले आले. ते पंचांकडे गेले आणि म्हणाले, "ही माजी न्हाईत. माजी गोळी डावीकडं जाते, समद्यांना ठावं हाय." पंच म्हणाले, नियम तो नियम. मग ते माझ्याकडे आले, कागद समोर धरला आणि म्हणाले, "अमृतराव, लई बेस रायफल केलीया तुमी. आन् मारलंय बी तसंच."

वर्षभर मी एवढंच ऐकायला धडपडत होतो. आणि मी काय केलं? पेटी उचलून पळालो. जिन्यात उसण भरली. घरी सगळ्यांना उसणच सांगितली.

तुमचा भाचा,
अमृत

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलं. येत्या रविवारी तुम्ही माझ्याबरोबर माढ्याला चला. मला त्यांची माफी मागायची आहे आणि सुपारीचं बोलायचं आहे. तुम्ही फक्त शेजारी बसून माझा गुडघा दाबून धरा.

ता. क. २. मामा, घोटाळा झाला. हे लिहितोय तोवर भीमराव स्वतःच प्रदीपला घेऊन दारात! बाहेर बसलेत. मी चष्मा आणतो म्हणून आत आलोय, चष्मा डोळ्यांवर आहे. ऋतुजा हाक मारतेय. जातो.

ता. क. ३. मामांना रेश्माचा नमस्कार. पाकीट मीच बंद करते आहे. यांनी बाहेर येऊन एका दमात माफी मागितली आणि रडले. सुपारी फुटली, तारीख तुम्ही सांगा. नंतर भीमरावांची गोळी डावीकडे का जाते यावरून दोघे व्याही सोप्यात चादर अंथरून, हातात रायफलीसारखी छत्री धरून पोटावर झोपले. भीमराव उठले, चहा पिऊन माढ्याला गेलेसुद्धा. हे तिथेच, छत्रीवर गाल टेकून गाढ झोपलेत. मी उठवलं नाही.