कोडोलीच्या वरातीत तुटलेला सूर

तरी मी म्हणतो, आप्पा, तुम्ही वाजवायचं थांबायला नको होतं. नोट बाजूच्या ढोलवाल्यानं घेतली असती की. कोडोलीच्या त्या वरातीत तुमच्या क्लॅरनेटचा सूर कुठल्या कुठं चढला होता, लोक नाचायचे थांबून ऐकत होते, आणि नवऱ्याच्या मामानं दहाची नोट तुमच्या डोक्यावरनं ओवाळली म्हणून तुम्ही सूर मधेच तोडलात, बँडची लाल टोपी काढलीत, नोट कपाळाला लावलीत आणि मान खाली घातलीत. मी दोस्तांबरोबर पुढंच उभा होतो. पोरं हसली. घरी आल्यावर मी विचारलं, "दहा रुपयासाठी टोपी काढता व्हय?" तुम्ही जेवत होता. आईनं चुलीपुढनंच डोळे वटारले. तुम्ही घास गिळलात आणि म्हणालात, "नोट कोण बघतंय? देणाऱ्याला बोलाय येत न्हाय, म्हणून हात वर करतोय. तू एकदा दे कुणाला तरी, मग बोल माझ्यासंगं."

मी कुणाला दिलं नाही आणि तुमच्याशी बोललोही नाही. आठवीतनं शाळा सोडलेलीच होती, त्याच महिन्यात घर सोडलं. कबनूरला यंत्रमागावर कामाला राहिलो, तिथनं पुण्याला, तिथनं आणखी लांब. एका जागी वर्षभर कधी टिकलो नाही. तुम्ही गेलात त्याला नऊ वर्षं झाली. क्लॅरनेट तेव्हापासनं माळ्यावर आहे, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. तुमच्या बँडमधला एकजण ते विकत मागतोय, आणि आई महिनाभर फोनवर एकच विचारत होती, "विकू काय रं? बटणांखालची पॅड गेल्यात त्याची, नुसतं पडून हाय." मी म्हणत होतो, विक की, कोण वाजवणार आहे आता. रविवारी तो माणूस न्यायला येणार होता.

आता आदल्या दिवशीचं, शनिवारचं सांगतो. मी सध्या पोर्तुगालात आहे, समुद्राजवळ. प्लास्टिकच्या लांबलचक पॉलिहाऊसमध्ये रासबेरी तोडायचं काम. फळ तुतीसारखं, जरा जोरात धरलं की बोटांतच चिरडतं. खोलीवर आम्ही चौघं, त्यातला एक कबनूरचाच निघाला. त्यानंच बातमी आणली की गावच्या बागेत बँड आहे, फुकट आहे, आणि लोक घरनं जेवण बांधून नेतात. इथं उन्हाळ्यात नऊ वाजले तरी उजेड असतो. आम्ही दोघं चपात्या, कांदा-लसणीची चटणी घातलेली बटाट्याची भाजी आणि अर्धं कलिंगड घेऊन गेलो, गवतावर चादर टाकली. शेजारी एक आजी तिच्या माणसांबरोबर बसली होती. तिनं भाजलेले मासे दिले, आम्ही चपातीत भाजी गुंडाळून दिली. तिखटानं तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, तिनं नाक पुसलं, आणि परत हात पुढं केला. समुद्राकडनं वारा येत होता. खरंच बरं वाटत होतं, आप्पा. मला, ज्याचं बूड कुठं टेकत नाही म्हणून तुम्ही कायम ओरडायचा, त्याला तिथनं उठावंसं वाटत नव्हतं.

मग बँड आला. तुम्हाला खोटं वाटेल, पण तसाच ड्रेस, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. फक्त हे लोक गोल मंडपात खुर्चीवर बसून वाजवतात, आणि ऐकणारे हूं की चूं करत नाहीत. शेवटाकडं एक म्हातारा क्लॅरनेटवाला एकटाच उभा राहिला. त्यानं सूर हळूहळू वर नेला आणि वरच धरून ठेवला, आणि मी कधी उठलो ते मलाच कळलं नाही. खिशातनं पाच युरोची नोट काढली आणि मंडपाच्या पायऱ्या चढायला लागलो.

"लेका, खाली बस की! हितं काय वरात हाय व्हय?" मागनं कबनूरकर ओरडला.

सगळी बाग माझ्याकडं बघते आहे. मी म्हाताऱ्यापुढं उभा. जवळनं दिसतं, त्याच्याही क्लॅरनेटच्या एका बटणाला रबर गुंडाळलेलं आहे, तुमच्यासारखंच. मी नोट त्याच्या डोक्यावरनं ओवाळतो आणि हात तिथंच राहतो. पुढं काय करायचं ते मला माहीत नाही, त्यालाही नाही. ट्रंपेटवाल्या बाईनं कपाळाला आठ्या घातल्या. म्हातारा थांबला. सूर तुटला. त्यानं नोटेकडं बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडं बघितलं, मग हसला आणि टोपी काढली. आणि आप्पा, त्यानं टोपी काढायच्या आधीच माझी मान खाली गेली होती. त्याची भाषा मला येत नाही. आली असती तरी मी काय बोललो असतो? त्यानं नोट समोरच्या स्टँडवरच्या कागदांच्या चिमट्यात अडकवली आणि तो तुकडा पहिल्यापासनं वाजवला.

खाली आलो तर आजीनं माझ्या पाठीवर थाप मारली. कबनूरकर म्हणाला, "आख्खा बँड बंद पाडलास की रं! आता मालकाला कळलं तर म्हणंल, ह्याला पगार जास्त झालाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आईला फोन केला. "विकू नको. पॅड बसवून घे आणि जो न्यायला येणार हाय त्यालाच वाजवाय दे. वरातीला न्यायचं आणि परत आणून ठेवायचं, म्हणावं."

"आता कशानं फिरलं तुझं डोस्कं?"

"काय न्हाय. आप्पांचं ऐकलं एकदा."

 आई म्हणाली, "जेवलास का?"

टोपीचं तुमचं बरोबर होतं. थांबण्याचं मला अजून पटत नाही, म्हाताऱ्यानं निदान पहिल्यापासनं वाजवलं तरी. तुमचा तो सूर पुढं कुठं जाणार होता ते राहूनच गेलं. हे सगळं रासबेरीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलंय, ते आता पेटीत कपड्यांखाली ठेवतो, पोस्टात टाकणार कुठं? आणि एक राहिलं. त्या दिवशी पोरं हसली असं मी आजवर सांगत आलो, पण पहिल्यांदा हसलो तो मीच. पॅड बसवायला साडेतीन हजार लागतात म्हणे. आईच्या खात्यावर तीन हजार पाचशे दहा पाठवतोय. वरचे दहा तुमचे.